आदल्या दिवशीचा कुंदा

यंदा थंडी दिवाळीच्या आतच उतरली. निपाणीत थंडी आल्याचं आधी नाकाला कळतं. वखारींतला माल हलवायला काढतात, तंबाखूची धूळ गार हवेत खाली बसायला तयार नसते, आणि सकाळी दुधाची पिशवी आणायला बाहेर पडलेली अख्खी गल्ली शिंकत असते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलेलं, सासरची माणसं मला बघून नाकं मुरडतायत. चार दिवसांनी मीही शिंकले आणि घरातली झाले.

यंदा शिंकेच्या जोडीला मोबाईल वाजतो. बेळगावात, माझ्या माहेरी शहापुरात, फुटबॉलचा हंगाम सुरू झालाय. आमच्या संघाच्या चाहत्यांनी फोनवर ग्रुप काढलाय आणि भाच्याने मला त्यात घातलंय. संघाचं खरं नाव लांबलचक आहे, पण शहापुरात सगळे त्याला नुसतं 'मागवाले' म्हणतात. पहिला बॉल हातमागावर बसणाऱ्या पोरांनी लाथाडला, म्हणून मागवाले. आता माग बोटांवर मोजण्याइतके राहिलेत, नाव तेवढं राहिलंय.

ग्रुपात दिवसभर दोनच विषय. खेळायचं कसं आणि पैसा आणायचा कुठनं. एक बिल्डर म्हणतोय, सगळा खर्च माझा, पोरांच्या छातीवर माझ्या स्कीमचं नाव लावा आणि मी आणीन तो कोच घ्या. कोच म्हणतोय, हे जमिनीवरनं बोटभर बोटभर पास देणं बंद करा, बॉल उचला आणि पुढं फेका. निम्मे म्हणतात, पैसा असला तर खेळ विकत आणता येईल. निम्मे म्हणतात, खेळ गेल्यावर पैसा काय शोकेसात ठेवायचाय. मी कधी याला अंगठा दाखवते, कधी त्याला, आणि अगदीच कंटाळा आला तर दोघांनाही. परवा भाच्याने फोन करून विचारलं, आत्या, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूला? म्हटलं, ज्याचा मेसेज छोटा त्याच्या.

खरं म्हणजे दत्तोबाचा आवाज ऐकायला मी तो ग्रुप उघडते. दत्तोबा शिंपी. संघाच्या चड्ड्या आणि बनियन दोन पिढ्या त्यानेच शिवले, बरेचसे उधारीवर. आता ऐंशीला टेकलाय, बोटांना टाइप करणं जमत नाही, म्हणून बोलून पाठवतो, आणि त्याच्या बोलण्यामागे शिलाई मशीन चालू असतं. गेल्या आठवड्यात त्याने पाठवलं: मैदानाच्या फाटकापाशी जुन्या कप्तानांच्या नावांचा बोर्ड लागणार हाय म्हणं. लावा. पण त्यात अण्णाचं नाव नको. आपली टीम एकदा इकून झालीया, ती कुणी इकली ते आमी इसरलो न्हाय.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आणि मशीन चालूच होतं. टकटकटकटक.

*

आमच्या खेळाला शहापुरात नाव होतं, धोटा. मागावर आडवा दोरा घेऊन जातो तो लाकडी धोटा, तोच. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, जमिनीला धरून, आणि प्रत्येक फेरीला कापड केसभर पुढे. आमची पोरं बॉल तसा खेळत. बघणाऱ्याला वाटावं, यांना पुढे जायचंच नाही. आणि मग एकदम ध्यानात यावं की हे गोलच्या दारात जाऊन बसलेत. याच्या उलट खेळाला आम्ही पतंग म्हणायचो. उचलायचा, वर सोडायचा, आणि कुठे पडतो ते आभाळाकडे तोंड करून बघायचं.

धोट्यातला धोटा म्हणजे अण्णा. मधोमध उभा राहायचा. फारसा पळायचा नाही, त्याच्याकडे आलेला बॉल मात्र थांबायचा नाही. मैदानाच्या कडेला लाकडाच्या अड्ड्याची भिंत होती, तिच्यावर आम्ही बायका-पोरी शाली गुंडाळून बसायचो. खाली धुकं, मैदानात पोरांच्या तोंडांतून वाफा, हातात शेंगदाण्याची गरम पुडी. तिथून माणसांची डोकी दिसत. बॉल डावीकडे गेला की सगळी डोकी डावीकडे, उजवीकडे आला की उजवीकडे. मागावर बसलेल्या माणसाची मानही अशीच हलते. आख्खं शहापूर एकाच मागावर बसल्यासारखं वाटायचं.

मी एकोणीस वर्षांची. माझ्याविषयी काय सांगू. आज ती पोर समोर आली तर मी तिला मागाच्या सुताच्या कांड्या भरायला बसवीन आणि तोंडावर बोट ठेवायला सांगीन. तिची पक्की समजूत होती की अण्णाच्या पायात बॉल असताना आपण पापणी हलवली नाही तर पास चुकत नाही. डोळ्यांतून पाणी यायचं आणि शेजारच्या बायका विचारायच्या, शालू, रडतीस कशाला, आपण जिंकतोय की. वेणीला हिरवी-पिवळी रिबीन, संघाचे रंग. 'आडवा दे रं, आडवा' असं भिंतीवरून ओरडून ओरडून घसा बसलेला, आणि त्या बसलेल्या घशाचाही अभिमान. आई म्हणायची, बघायला येणाऱ्या पाहुण्यांना काय सांगू, पोरगी गुणाची हाय, फक्त मुकी हाय?

त्या वर्षी संघाचं काही खरं नव्हतं. खेळ चांगला, पैसा नाही. मैदान भाड्याचं, भाडं कितीतरी वर्षं थकलेलं, आणि मालकाने सांगून टाकलेलं की या उन्हाळ्यात तिथे प्लॉट पाडणार. संघाचे सेक्रेटरी आमचे आप्पा, म्हणजे वडील. आप्पांचं सुताचं दुकान होतं आणि गल्लीतला एकुलता एक फोन त्या दुकानात होता. संध्याकाळी दुकानापुढच्या कट्ट्यावर बैठक जमायची, तेव्हाही विषय हेच दोन. दत्तोबा तेव्हा तरुण आणि पतंगवाला. तो म्हणायचा, कप जिंकला की पैसा येतो, आन् कप जिंकायला गोल लागतात, नक्षी न्हाय. कुणी तरी त्याला विचारायचं, तुझ्या चड्डीला तरी नीट नाडी हाय का. मग खेळ बाजूला राहायचा आणि चड्डीवर चर्चा व्हायची. आप्पा मध्ये बोलत नसत. वही मांडीवर घेऊन बसत आणि सगळ्यांचं झालं की म्हणत, बघूया.

पैशासाठी आमच्याकडे एक रीत होती, संघाचं लुगडं. दिवाळीनंतर प्रत्येक मागवाल्याच्या घरी एक लुगडं जास्तीचं निघायचं, हिरव्या अंगाचं, पिवळ्या काठाचं. ते विकून आलेले पैसे संघाला. त्या वर्षी मी हट्टाने स्वतः विणलं. आप्पांनी मागावर बसू दिलं हेच विशेष. खळीचा आंबूस वास, पहाटेचा गार पेडल, पायांच्या बोटांना मुंग्या. माझा काठ दोन ठिकाणी नागमोडी गेला. आई म्हणाली, उसव. मी म्हणाले, ती डिझाईन हाय. माझ्या डोक्यात हिशेब असा होता की या एका लुगड्यावर मैदान वाचणार. आप्पांनी ते हातात घेतलं, वाकड्या काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, दुकानात टांग. लोकांना दिसू दे.

आप्पा सांगतील ते खरं. सूर्य कुठून उगवतो हे आप्पांनी वेगळं सांगितलं असतं तर मी उशी त्या बाजूला केली असती.

*

फायनलला समोर निपाणीचा संघ होता. त्यांच्यामागे तंबाखूचे एक मोठे शेठ. त्यांची पोरं नवेकोरे बूट घालून यायची, सगळ्यांच्या पायात एकसारखे बूट, आणि त्यावरूनच आम्ही त्यांचा तिरस्कार करायचो.

फायनलच्या आदल्या दिवशी दुपारी मी आप्पांना डबा द्यायला दुकानात गेले. आप्पा फोनवर होते. ट्रंक कॉल असला की फोनच्या तारेवर विश्वास नसल्यासारखं माणूस ओरडून बोलायचं. पलीकडे घटप्रभेच्या बाजूचा सुताचा दलाल असणार, कारण आप्पा कन्नडात बोलत होते. माझ्याकडे त्यांची पाठ होती. ते म्हणाले, "हौद्री. म्याच मारेवि. इन्न चिंति माडब्याडरी."

आता हे नीट सांगायला हवं. बेळगावाबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही आणि बेळगावातल्या माणसाला मी इतकी कशी येडी हे कळायचं नाही. आमच्या मराठीत मॅच मारली म्हणजे जिंकली. आणि आमच्याकडे दोन्ही भाषा एकाच तोंडात राहतात. मराठी क्रियापदाला कन्नड शेपूट लावून बोलायची गंमत सगळे करतात, आप्पा तर फार. त्यामुळे मला ऐकू आलं ते असं: होय हो, मॅच मारली म्हणून समजा, आता काळजी करू नका. उद्याची मॅच आणि आप्पा आजच मारून मोकळे. डबा ठेवला आणि मी पळाले.

गल्लीत शिरल्या शिरल्या पहिला भेटला दत्तोबा. त्याला सांगितलं, आप्पा म्हणाले मॅच मारली. मग पुढच्या घरी, मग त्याच्या पुढच्या. मागाचे आवाज थांबवून बायका बाहेर आल्या आणि मी प्रत्येकीला तेच सांगितलं. कांड्या भरून साठवलेले माझे पैसे होते ते काढले, मिठाईवाल्याकडे गेले आणि शेरभर कुंदा घेऊन आले. जिंकल्यावर दुकानात मिळायचा नाही म्हणून आदल्या दिवशीच. अण्णा ओसरीवर बुटांच्या नाड्या ओवत बसला होता. पुडकं त्याच्या नाकासमोर नाचवलं आणि म्हणाले, "अण्णा, मॅच मारली. आप्पांच्या तोंडनं ऐकून आले."

अण्णाने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग नाड्या ओवायला लागला. मला वाटलं, किती शांत आहे, खरा खेळाडू.

दुसऱ्या दिवशी धुकं लवकर हटलं. शिट्टी झाली आणि आमच्या पहिल्याच बॉलला अण्णाने हात वर केला. वर मारा. मला वाटलं चुकून झालं असेल. दुसऱ्यांदाही तेच. पोरं गोंधळलेली, एकमेकांकडे बघणारी, पण कप्तान सांगतो म्हणून उचलून मारणारी. पतंगामागून पतंग. निपाणीचे उंच बॅक उभ्या उभ्या डोक्याने परत पाठवत होते, माशी हाकलावी तसे. मी भिंतीवरून 'आडवा, आडवा' ओरडत होते आणि अण्णा मान खाली घालून हात वर करत होता. खालची डोकी आता डावीउजवीकडे हलत नव्हती. सगळी आभाळाकडे वळलेली, तोंडं उघडी.

पहिला गोल झाला. दुसरा झाला, तेव्हा मैदानात क्षणभर काहीच आवाज नव्हता. आणि त्या शांततेत माझाच आवाज गेला, बसलेल्या घशाचा, फाटका. "अण्णा, इकलास काय रं आमाला?"

खालून दहा-वीस डोकी भिंतीकडे वळली. दत्तोबाचं त्यात होतं.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य सगळ्या शहापुरात फिरलं. त्याला पायही फुटले. त्याच महिन्यात निपाणीचं स्थळ मला सांगून आलं होतं. मग काय, बहिणीच्या सोयरिकीपायी भावानं मॅच सोडली. आन् सख्खी बहीण म्हणतीया, आपण कोण. कट्ट्यावर आप्पा मांडीवर वही घेऊन बसले होते. सगळ्यांचं बोलून झालं. आप्पा म्हणाले, "बघूया."

कुंदा कुणी खाल्ला नाही. मुंग्यांनी दोन दिवस सण केला.

*

आणि मैदान राहिलं. उन्हाळा आला, प्लॉट पडले नाहीत. भाडं भरलं गेल्याचं कळलं तेव्हा लोक म्हणाले, लुगड्यांचे पैसे कामाला आले. मी नुसती फुगले. माझं वाकडं लुगडं विकलं गेलं होतं, मग काय.

पण गिऱ्हाईक न्यायला आलं नव्हतं, म्हणून ते अजून दुकानात खुंटीवरच होतं. एका दुपारी आप्पा बँकेत गेले होते आणि मी गल्ल्यावर होते. खेड्याकडची एक बाई आली, कन्नड बोलणारी, डोक्यावर पाटी. तिने खुंटीकडे बोट केलं आणि विचारलं, "सीरी मारतीरेनरी?" साडी विकणार का. मी वर न बघता, सुताची लडी सोडवता सोडवता म्हणाले, "इल्लरी, अदु मारेवि."

नाही हो, ती विकली.

लडी हातात तशीच राहिली. मारेवि. विकली. हा शब्द मला येत नव्हता असं नाही. शहापुरातल्या पोरीला आई म्हणायच्या आधी येतो तो. रोज दहा वेळा मी तो बोलत होते. फक्त त्या दिवशी, आप्पांच्या तोंडून, मॅच या शब्दाच्या मागे आला तेव्हा माझ्या कानाने त्याचं मराठी केलं होतं. कान तसा हुशार. आपल्याला सोसेल तेवढंच आत सोडतो.

बाई गेली. आप्पा आले. मी विचारलं, "आप्पा, फायनलच्या आदल्या दिवशी फोनवर काय मारलं?"

आप्पांनी टोपी काढली, खुंटीवर लुगड्याच्या शेजारी अडकवली. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "त्या दलालामार्फत निपाणीच्या शेठजीनी भाडं भरलं. मैदान ऱ्हायलं का न्हाय?"

"आन् अण्णा?"

"अण्णा तरणा हाय. त्याचं इसरत्यात लोक. माझं इसरले नसते."

मी काय केलं? भिंतीवर उभी राहून मैदानभर ओरडणारी, घसा बसेपर्यंत कप्तानाला हुकूम सोडणारी ती शूर पोरगी काय करते? ती लडी सोडवत बसली. अण्णाचं नाव स्वच्छ करायचं तर आप्पांचं घाण करावं लागणार होतं, आणि ते माझ्याच्याने होईना. मनाशी ठरवलं की लोक विसरतील. आप्पाच म्हणाले होते ना. आप्पा सांगतील ते खरं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, निपाणीतच. अण्णाने खेळ सोडला आणि खानापूरच्या बाजूला एका शाळेत क्लार्क म्हणून लागला. लग्नात त्याने अक्षता टाकल्या, जेवला आणि पंगत उठायच्या आधी निघून गेला. त्यानंतर पन्नास वर्षांत माझ्या घरी तो चारदा आला असेल, चारही वेळा कुणी तरी वारल्यावर. मला वाटायचं, मी भिंतीवरून ओरडले त्याचा राग आहे. तेवढा तर असणारच.

निपाणीत त्या शेठजींचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं, आणि काचेच्या कपाटात, तंबाखूच्या डब्यांच्या मधोमध, तो कप. भाजी आणायला जाताना दिसायचा, येताना दिसायचा. धूळ बसून बसून पिवळा पडत गेलेला. आमच्या यांचा स्वभाव चेष्टेखोर. कप दिसला की कोपराने ढोसायचे आणि म्हणायचे, तुझ्या माहेरचा आहेर बघ कसा चमकतोय. त्यांना काही माहीत नव्हतं. मी म्हणायचे, आमी देताना हात आखडत न्हाय. आणि पदर नाकाला लावायचे. तंबाखूची धूळ म्हणून कुणी विचारायचं नाही. या गावाचा तेवढा एक उपकार आहे माझ्यावर, इथे बाईचे डोळे भरले तरी कारण हवेत तयार असतं.

*

दत्तोबाचा तो संदेश मी तीनदा ऐकला. मग एस.टी.ने बेळगावला गेले.

संघाची बैठक मैदानाशेजारच्या देवळाच्या सभामंडपात होती. फाटकावर मैदान वाचवलं म्हणून आप्पांच्या नावाची कमान आहे, तिच्याखालून जावं लागतं. मी तिच्याखालून जायला आधी कधी लाजले नव्हते. बोर्ड भिंतीला टेकून ठेवला होता. पेंटरने नावं क्रमाने लिहिलेली आणि मध्ये एका नावापुरती जागा कोरी. ती जागा बघून मला दातांचा डॉक्टर आठवला.

आत बिल्डरवरून जोरात चाललं होतं. छातीवर नाव घ्यायचं की नाही, पतंग उडवायचा की धोटा राखायचा. पन्नास वर्षांत चड्डीची फॅशन बदलली, बाकी काही नाही. दत्तोबा काठी टेकून उठला. गंमत म्हणजे आता तो धोटावाला झालाय. म्हणाला, आपला खेळ एकदा आपल्याच कप्तानानं बाजारात मांडला, परत नको. आणि माझ्याकडे बघून, मुद्दाम, "ही बसलीया न्हवं. सख्ख्या बहिणीनं भिंतीवरनं म्हटलेलं, मी माझ्या कानानं ऐकलंय."

मी उठले. गुडघे वाजले. मी म्हणाले, "दत्तोबा, तू ऐकलंस ते खरं हाय. मी म्हटलं ते खोटं हाय. मॅच अण्णानं न्हाय इकली. आप्पांनी इकली. या मैदानाच्या भाड्यापायी इकली. मला त्याच उन्हाळ्यात कळलेलं, आन् मी गप बसले."

एक पोरगा मोबाईलवर रेकॉर्ड करत होता, त्याने तो हळूच खाली केला. मला वाटलं होतं, इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर पडलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नुसती तहान लागली.

दत्तोबा बसला. मग म्हणाला, "मग ती कमान?"

ज्या जमिनीवर उभे राहून ते भांडत होते ती आप्पांनी वाचवली होती, आणि ज्या खेळासाठी भांडत होते तो आप्पांनी विकला होता. पोर विकून पाळणा राखावा तसं. मी एवढंच म्हणाले, कमानीचं तुमी बघा, बोर्डाचं मी सांगितलं. भाच्याने पेंटरला फोन लावला. दत्तोबा बिल्डरविषयी काही बोलायला तोंड उघडत होता, ते त्याने मिटलं.

तिथून मी अण्णाकडे गेले. वाटेत कुंदा घेतला, पावशेर. शेरभर पचायचं वय गेलं.

अण्णा निवृत्तीनंतर परत शहापुरातल्या घरी राहायला आलाय. दुपारचं ऊन ओसरीवर तिरकं आलेलं. तो चटईवर भिंतीला टेकून बसला होता, पाय लांब करून. त्याच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, फोन करून सगळं कळवलेलं दिसत होतं. मी समोर बसले. कुंद्याचं खोकं मध्ये ठेवलं.

अण्णा म्हणाला, "मॅचच्या आदल्या दिवशी सकाळी आप्पांनी मला दुकानात बोलवलं. म्हणाले, उद्या पतंग. कारण इचारू नको."

"म्हंजे तुला ठावं होतं."

"मला ठावं होतं. आन् मला वाटलं, तुलाबी ठावं हाय." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "दुपारी तू आप्पांच्या दुकानातनं आलीस, कुंद्याचं पुडकं नाचवत. म्हणालीस, मॅच मारली, आप्पांच्या तोंडनं ऐकून आले. मारली. मी म्हटलं, मॅच इकलेली हिला कळलंय आन् ही कुंदा वाटतीया. दुसऱ्या दिशी भिंतीवरनं तूच मला इकलास म्हणालीस. मला वाटलं, आप्पांनीच तुला शिकवून बसवली तिथं, नाव माझ्यावर यावं म्हणून. निपाणीचं स्थळ बी आलतंच."

मला आधी समजेना. मग समजलं, आणि ओसरी जरा हलली. तो एक शब्द मी मराठीत ऐकला होता, आणि त्याने माझ्या तोंडून तो कन्नडात ऐकला होता. पन्नास वर्षं मी समजत होते की मी त्याला फसवलं ते गप्प बसून. आणि तो समजत होता की मी त्याला फसवलं ते बोलून.

"अण्णा," मी म्हणाले, "मी जिंकली म्हणत होते रं. मला वाटलं आप्पा म्हणाले जिंकली."

"तुला कन्नड येत न्हवतं व्हय?"

"येत होतं."

तो हसला नाही. हसेल असं मला वाटलं होतं, बसमध्ये मी तसं ठरवूनही आले होते. त्याने डोळे मिटले, आणि मला दिसलं की तो मागे जाऊन एक-एक वर्ष उचलून बघतोय. त्या चार मयती. न आलेली दिवाळी. माझ्या पोरींची लग्नं, ज्यांना त्याने मनिऑर्डर पाठवली आणि स्वतः आला नाही. एवढी मोठी शिलाई एका वाकड्या टाक्यावर, आणि आता उसवायचं म्हटलं तरी कापडच जुनं झालेलं.

मग त्याने डोळे उघडले. खोकं उघडलं, एक तुकडा घेतला, चघळत राहिला. दात नाहीत, वेळ लागतो. मग खोक्याला तळहाताच्या कडेने हलकासा धक्का दिला. उचलून नाही दिलं. ते शेणाने सारवलेल्या जमिनीवरून सरळ, सावकाश, आडवं सरकत आलं.

मी बघत राहिले, पापणी न हलवता. खोकं माझ्या गुडघ्याला येऊन लागलं.

"बॉल आला की नुसतं बघत बसायचं न्हाय, शालू," अण्णा म्हणाला. "परत द्यायचा असतो."